वनस्पतींचे जीवाश्म: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून सतत येणारे प्रश्न

पावसाळा सरला, विहिरींची आणि घरांच्या पायांची कामं सुरू झाली, की दगडांचे फोटो येऊ लागतात. खाली एकच ओळ असते: ‘सर, हे काय असेल?’ बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. लाकडाचा दगड होतो तरी कसा?

एरवी झाड पडलं की बुरशी, वाळवी आणि जिवाणू मिळून त्याची माती करतात. तेच खोड किंवा पान लवकर गाळात गाडलं गेलं आणि तिथे हवा पोचली नाही, तर कुजणं फार मंदावतं. पुढचं सगळं गाळावर आणि त्यातल्या पाण्यावर ठरतं. वरच्या थरांचा दाब पडला तर पान चपटं होऊन त्याची कोळशासारखी काळी पापडी उरते. ती पापडीही गेली तर नुसता ठसा राहतो.

तिसरा प्रकार अभ्यासकाला सगळ्यांत मोलाचा. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, लाकडाच्या पेशींत झिरपते आणि तिथेच घट्ट होते. पेशींच्या भिंती जागच्या जागी राहतात, आतल्या पोकळ्या दगडाने भरतात. असा तुकडा कापून घासला की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाकडाची एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

परागकण आणि बीजाणूंचं मात्र वेगळं आहे. त्यांचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अत्यंत चिवट पदार्थाचं असतं, दगड विरघळवणाऱ्या आम्लातही ते टिकतं. म्हणून जिथे पान नाही, खोड नाही, तिथेही परागकण साक्षीला असतात.

२. डायनासोर सोडून पानांच्या मागे कशाला लागायचं?

कारण डायनासोरसुद्धा शेवटी पानांवरच जगत होते. जमिनीवरची सगळी जीवसृष्टी वनस्पतींच्या आधाराने उभी राहिली. माती कधी तयार झाली, हवेतला कार्बन डायऑक्साइड कधी घटला, नद्यांचे काठ कधी स्थिरावले, या प्रश्नांची उत्तरं झाडांच्या इतिहासाशिवाय लागत नाहीत. या अभ्यासाला पुरावनस्पतिशास्त्र म्हणतात. आपल्या देशात त्याची पायाभरणी डॉ. बिरबल साहनी (१८९१–१९४९) यांनी केली. त्यांनी स्थापलेल्या लखनौच्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि आठवड्याभरातच, १० एप्रिलला, साहनी गेले. संस्था पुढे उभी केली ती त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी.

३. वनस्पती जमिनीवर कधी आल्या? सगळ्यांत आधी काय उगवलं?

हिरव्या शैवालांच्या एका शाखेतून जमिनीवरच्या वनस्पती निघाल्या. त्यांचा सगळ्यांत जुना पुरावा म्हणजे बीजाणू, सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी कुकसोनिया दिसते. तिला पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसती फाटे फुटलेली बारीक काडी आणि टोकाला बीजाणूंच्या पिशव्या.

या काळाबद्दल आपल्याला एवढं ठाऊक आहे, याचं मोठं श्रेय स्कॉटलंडमधल्या राइनी या खेड्याला जातं. विल्यम मॅके नावाच्या डॉक्टरांना १९१२ च्या सुमारास तिथल्या शेतांच्या दगडी बांधांत एक वेगळा, गारगोटीसारखा दगड दिसला. त्याच्या चकत्या काढल्यावर आत अख्खं रोपवन निघालं, सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीचं. गरम पाण्याच्या झऱ्यांतून आलेल्या सिलिकेने झाडं उभीच्या उभी गोठवली होती. रॉबर्ट किडस्टन आणि विल्यम लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. खोडावरची पर्णरंध्रं दिसतात, पाणी वाहणाऱ्या नळ्या दिसतात. इतकंच काय, एका वनस्पतीच्या पेशींत शिरलेली बुरशीही दिसते. आज आपल्या बहुतेक पिकांच्या मुळांशी जी बुरशी सोबतीने राहते आणि स्फुरद मिळवून देते, तसल्याच प्रकारची ही सोबत. जमिनीवरच्या वनस्पतींना मुळं नीट फुटण्याआधीच तिची साथ मिळाली होती. मला या सगळ्या शास्त्रातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

त्यापुढे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी खरी उंच झाडं आली, मग बिया आल्या. फुलांच्या वनस्पती या हिशोबात अगदी अलीकडच्या (प्रश्न १६ पाहा).

४. आपल्या बेळगाव भागात वनस्पतींचे जीवाश्म सापडतात का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो. आपल्या जिल्ह्याचा दगड ढोबळमानाने चार प्रकारचा आहे.

निपाणी, चिकोडी, अथणी आणि बेळगावच्या पश्चिमेकडचा बराचसा भाग काळ्या फत्तराचा, म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा. त्याचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. लाव्हात जीवाश्म नसतात. मात्र लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी तळ्याच्या गाळाचा पातळ पट्टा अडकलेला असतो, तिथे शक्यता असते (प्रश्न ८ पाहा).

गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडचा वाळूचा दगड, चुनखडी आणि कठीण क्वार्टझाइट हे कलादगी गटाचे. हे गाळाचेच खडक आहेत, त्यामुळे लोकांना आशा वाटते. पण त्यातले जुने थर एक अब्ज वर्षांहूनही आधीचे. तेव्हा जमिनीवर वनस्पती नव्हत्याच, मग पान कुठून येणार?

बैलहोंगल, कित्तूरकडे आणि खानापूरच्या काही भागात धारवाड गटाचे खडक आहेत, त्याहूनही कितीतरी जुने. दाब आणि उष्णतेने त्यांचं मूळ रूपच पालटून गेलं आहे.

चौथा आपला जांभा, ज्याचे चिरे आपण घरांना वापरतो. तो मूळचा खडक उन्हापावसाने झिजून, कुजून तयार झालेला. त्या प्रक्रियेत नाजूक काही टिकत नाही.

म्हणजे आपल्याकडचा दगड एकतर झाडांच्या आधीचा, नाहीतर आगीतून आलेला. याने हिरमुसून जाऊ नका. कुठे शोधायचं नाही हे पक्कं कळलं की कुठे शोधायचं तेही सोपं होतं: लाव्हाच्या थरांमधला गाळ, आणि नद्यांच्या काठची अलीकडची माती. गोकाकजवळ घटप्रभेच्या खोऱ्यातल्या अशाच गाळातून रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याचे जीवाश्म मिळाले होते, ते त्यांनी १८७४ साली वर्णिले. गेंडा होता म्हणजे त्याला पुरेल एवढा चारा आणि पाणीही होतं.

५. गोकाकच्या दगडावर लाटांसारख्या रेघा आहेत, आणि बागलकोटकडच्या चुनखडीत कोबीच्या गड्ड्यासारखे गोल. ही झाडंच ना?

रेघा म्हणजे उथळ पाण्याने वाळूवर उमटवलेल्या लहरी. त्या सजीवाच्या नाहीत, पण सुंदर आहेत. एका अतिप्राचीन किनाऱ्याची ती खूण आहे.

गोल थरांची गोष्ट निराळी. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. नीलहरित जिवाणूंच्या चिकट थरावर गाळ बसायचा, त्यावर जिवाणू पुन्हा वाढायचे, असे एकावर एक पापुद्रे चढत गेले. हे जिवाणू वनस्पती नव्हेत. तरी वनस्पतींशी त्यांचं नातं अगदी जवळचं आहे. प्रत्येक हिरव्या पानातलं हरितलवक हे मुळात अशाच एका जिवाणूपासून आलेलं आहे, जो फार पूर्वी दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथलाच झाला. कलादगीच्या दगडात झाड नाही, पण हिरव्या पानात आज जे काम चालतं ते करणाऱ्यांची वस्ती मात्र आहे.

६. घरातल्या शहाबादी फरशीवर हुबेहूब नेच्याचं पान उमटलंय. जीवाश्म आहे का?

नाही. फोटोंपैकी मोठा वाटा याच नक्षीचा असतो, आणि दरवेळी पाठवणाऱ्याची निराशा करावी लागते याचं वाईटही वाटतं.

ती डेंड्राइट नावाची खनिजाची नक्षी. दगडाच्या बारीक फटीत मँगनीज किंवा लोखंड मिसळलेलं पाणी शिरतं आणि खनिज फाटे फोडत साचत जातं. ओळखायचं कसं? भिंग घ्या आणि तीन गोष्टी बघा. पहिली, नक्षी फरशीच्या कडेपासून किंवा एखाद्या चिरेपासून सुरू होऊन आत पसरते का. पान असं कधी भेगेतून उगवत नाही. दुसरी, मधली शीर. नेच्याच्या पानाला ठळक मधला कणा असतो आणि त्यावर पर्णिका ठरावीक अंतराने बसतात. डेंड्राइटमध्ये जाडी वाटेल तशी बदलते आणि पर्णिकेत शिरा नसतात. तिसरी, एकावर एक आलेली पानं. खऱ्या गाळात पानं एकमेकांवर पडतात, दुमडतात, फाटतात. डेंड्राइट एकमेकांना ओलांडत नाहीत, जवळ आले की थांबतात.

आणि भिंग नसलं तरी उत्तर तेच. शहाबादी दगड हा भीमा खोऱ्यातला चुनखडक, तोही जमिनीवर वनस्पती येण्याच्या पूर्वीचा.

फसगत होण्यात कमीपणा नाही. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहेत छतावर दिसलेला ठसा डिकिन्सोनिया या ५० कोटी वर्षांहून जुन्या जीवाचा असल्याचं २०२१ मध्ये नामांकित नियतकालिकात छापून आलं होतं. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी जवळून पाहिलं तेव्हा ते आग्या मोहोळाचं वाळून गळून चाललेलं पोळं निघालं. २०२३ मध्ये तसा खुलासा प्रसिद्ध झाला, आणि आधीच्या अभ्यासकांनी तो मान्यही केला. शास्त्रात हेच व्हायला हवं.

७. चिऱ्याच्या खाणीत नळ्यांसारखी भोकं आणि नदीच्या दरडीत मुळांसारख्या पांढऱ्या कांड्या सापडल्या. त्या काय आहेत?

चिऱ्यातली भोकं बहुतेक वेळा जांभा होतानाच पडतात. पाणी झिरपताना मऊ माती वाहून जाते आणि लोखंडाचा सांगाडा मागे राहतो. तिथे मुळं नव्हती असं नाही, पण भोक म्हणजे मुळाचा पुरावा नव्हे.

पांढऱ्या कांड्यांकडे मात्र नीट बघा. काळ्या मातीत आणि नदीच्या जुन्या गाळात मुळाभोवती चुना साचून अशा कांड्या तयार होतात. कांडीच्या मध्यातून बारीक नळी जात असेल, कांडी खाली निमुळती होत असेल आणि तिला फाटे असतील, तर एके काळी तिथे मूळ होतं. कुठलं झाड ते त्यावरून सांगता येत नाही. पण त्या जागी जमीन बराच काळ उघडी आणि बऱ्यापैकी कोरडी होती, एवढं कळतं. मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णेच्या काठी दरड कोसळली की असल्या थरांवर नजर ठेवावी.

८. लाव्हाने तर सगळं जाळून टाकलं असेल. मग त्यात झाडं कशी टिकली?

दख्खनचा लाव्हा एका दिवसात आला नाही. एक थर आला, थंड झाला, मग कित्येक हजार वर्षं काहीच नाही. त्या सवडीत खडक झिजला, माती झाली, खोलगट जागी तळी साचली, झाडं वाढली. मग पुढचा लाव्हा आला आणि तळ्याचा गाळ खाली झाकला गेला. गाळात सिलिका मुबलक असल्याने वनस्पती दगडात उत्तम जपल्या गेल्या.

यातलं सर्वांत नावाजलेलं ठिकाण मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातलं मोहगाव कलां. दिंडोरी जिल्ह्यातलं घुघुआ तर १९८३ पासून जीवाश्मांचं राष्ट्रीय उद्यानच आहे, तिथे दगड झालेली ताडकुळातली खोडं जागोजाग पडलेली दिसतात.

मोहगावच्या दोन वनस्पती मुद्दाम सांगतो. एक अझोला. आपल्याकडे अनेक शेतकरी प्लास्टिकच्या टाकीत जनावरांसाठी वाढवतात तोच. त्याचा मोहगावचा नातलग साहनी आणि राव यांनी १९४३ मध्ये वर्णिला, अझोला इंटरट्रॅपिया या नावाने. म्हणजे लाव्हाच्या काळातल्या डबक्यांवरही हीच हिरवी साय तरंगत होती. दुसरी निपा. हा दलदलीचा ताड आज सुंदरबन आणि अंदमानात खाऱ्या पाण्याच्या काठी वाढतो. त्याचं फळ मध्य भारतात सापडलं, त्यावरून तेव्हा समुद्राचा फाटा आत कुठवर आला होता याची चर्चा सुरू झाली आणि ती अजून मिटलेली नाही.

आपल्या भागात कुठे विहिरीत दोन काळ्या फत्तरांच्या मध्ये हिरवट, तांबूस किंवा पांढरट, पापुद्र्यांचा मऊ थर लागला, तर काम पुढे नेण्याआधी एक फोटो काढा आणि मुठीएवढा नमुना बाजूला ठेवा. पुढचं प्रश्न १४ मध्ये.

९. डायनासोरच्या शेणात भात सापडला, हे खरं आहे का?

भात नाही, पण गवत, आणि त्यात भाताच्या गोतावळ्यातलंही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ डायनासोरच्या दगड झालेल्या विष्ठेचे गोळे मिळतात. गवताच्या पात्यात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात, उसाच्या पात्याने हात कापतो तो याच सिलिकेमुळे. कणांचा आकार गवताच्या गटानुसार बदलतो. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांतून हे कण वेगळे केले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केले. निदान पाच प्रकारचं गवत त्यात होतं.

तोवर गवत हे डायनासोर संपल्यानंतर पसरलं असं समजलं जायचं. पिसदुराच्या शेणाने तो समज मोडला. खानापूरकडच्या भातशेतीत उभं राहून याचा विचार करावा: या पात्याचे पूर्वज दख्खनवर लाव्हा वाहत होता तेव्हाही इथल्या भूमीवर होते.

१०. एकाच झाडाला चार-चार शास्त्रीय नावं का?

कारण झाड अखंड सापडत नाही. पान एका जागी, खोड दुसऱ्या, बी तिसऱ्या जागी. जोवर एकमेकांना जोडलेले सापडत नाहीत तोवर प्रत्येक अवयवाला स्वतंत्र नाव द्यावं लागतं. कोळशाच्या जंगलातल्या एकाच प्रकारच्या झाडाचं खोड लेपिडोडेंड्रॉन, मूळ स्टिग्मारिया आणि शंकू लेपिडोस्ट्रोबस.

यातला सर्वांत मोठा उलगडा १९६० चा. आर्किऑप्टेरिस ही नेच्यासारखी पानं आणि कॅलिझायलॉन हे सूचिपर्णी झाडासारखं लाकूड वेगवेगळ्या झाडांचं मानलं जात होतं. चार्ल्स बेक यांना दोन्ही एकमेकांना जोडलेली मिळाली. पानं नेच्याची, बीजाणूंनी वाढणारी, आणि खोड देवदारासारखं. असं झाड आज कुठेही नाही. बियांच्या वनस्पती कुठल्या वळणाने आल्या ते या एका जोडणीने समजलं.

११. चंद्रपूरच्या कोळशातलं जिभेसारखं पान एवढं प्रसिद्ध का आहे?

ते ग्लोसोप्टेरिस. नाव अडॉल्फ ब्रोंन्यार यांनी १८२८ मध्ये दिलं. सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी ही झाडं भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका इथे होती. बी एवढं मोठं की वाऱ्याने समुद्र ओलांडणं कठीण. म्हणून हे भूभाग एकेकाळी सलग होते, या विचाराला त्याने जोर आला. विदर्भातला आपला दगडी कोळसा मुख्यतः याच जंगलांचा.

दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट यांची तुकडी मरण पावली. त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यात ग्लोसोप्टेरिसची पानं होती.

१२. वय कसं ठरवतात? कार्बन डेटिंग करून?

कार्बनची पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते. कारवारकडे विहिरीत काळं पडलेलं लाकूड लागलं तर तिथे ती उपयोगी पडेल. कोट्यवधी वर्षांच्या जीवाश्माला तिचा उपयोग नाही. तिथे जीवाश्माच्या वरखालच्या लाव्हातल्या किंवा ज्वालामुखीच्या राखेतल्या खनिजांमधली किरणोत्सारी मूलद्रव्यं मोजतात. शिवाय त्याच थरातले परागकण दुसरीकडच्या वय माहीत असलेल्या थरांशी ताडून बघतात.

१३. पानावरून हवामान कसं ओळखतात?

जांबोटी किंवा चोर्ल्याच्या जंगलात जा आणि पानांच्या कडा बघा. जांभूळ, अंजनी, फणस, आंबा: सगळ्यांच्या कडा सलग. थंड प्रदेशातल्या जंगलात मात्र करवतीसारख्या कडांची पानं जास्त. बेली आणि सिनॉट यांनी १९१५ च्या सुमारास हे पद्धतशीर दाखवलं. म्हणून एका थरातल्या पानांच्या जातींपैकी किती सलग कडेच्या, हे मोजलं की तिथल्या तापमानाचा अंदाज येतो. एकट्या पानावरून नव्हे, निदान वीसेक जाती तरी हव्यात.

दुसरी खूण पर्णरंध्रांची. हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असला की अनेक झाडं पर्णरंध्रं कमी ठेवतात. इयान वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये वनस्पतिसंग्रहालयातली दोनशे वर्षांतली वाळवलेली पानं तपासून हे दाखवलं. जीवाश्म पानाची त्वचा टिकली असेल तर तोच हिशोब मागे नेता येतो. ओढ्याकाठच्या झाडांत कडांची पद्धत थोडी चुकते, कारण तिथे दातेरी कडांचं प्रमाण एरवीही जास्त असतं.

१४. खरंच काही सापडलं तर काय करायचं?

आधी हात लावू नका. जागेवर असतानाच फोटो काढा, बाजूला नाणं किंवा पट्टी ठेवा. एक फोटो जवळून, एक लांबून, ज्यात वरचा आणि खालचा थर दिसेल. मोबाइलवर ठिकाण नोंदवा. जमिनीपासून किती फूट खाली, कुठल्या रंगाच्या थरात, हे तिथेच लिहा, घरी जाऊन नको. दगड सुटा असेल तर कुठून निसटला ते वर बघा. मग वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावरच गाव, तारीख, खोली लिहा. ब्रशने घासू नका, तेल लावू नका, व्हार्निश तर अजिबात नको.

घरी दोन सोप्या परीक्षा करता येतात. सिलिकेचा दगड काचेवर ओरखडा काढतो. चुन्याच्या दगडावर लिंबाचा रस टाकला की फेस येतो. काळ्या फत्तरातला पट्ट्यापट्ट्यांचा अकीक अनेकांना लाकूड वाटतो. त्याचे पट्टे पोकळीच्या भिंतीला धरून आत वळतात आणि मध्यभागी अनेकदा स्फटिक असतात. लाकडात वार्षिक वलयांबरोबर मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक आडव्या रेघाही दिसतात.

मग जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र विभाग गाठा. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ ही दोन्ही आपल्याला जवळची. भीमगडसारख्या अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय दगड उचलू नये, फोटो आणि नोंद पुरते.

१५. नेचे आणि सायकस हे ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतात. म्हणजे त्यांची उत्क्रांती थांबली?

नाही. कणकुंबीकडे पावसाळ्यात चिऱ्याच्या दरडीवर वाढणारी सेलाजिनेला ही नेच्यासारखी दिसणारी छोटी वनस्पती प्राचीन गटातली आहे, पण ती स्वतः आजची वनस्पती आहे. सायकसचा गट डायनासोरच्या आधीचा, तरी २०११ च्या एका अभ्यासाने दाखवलं की आज हयात असलेल्या त्याच्या बहुतेक जाती गेल्या सुमारे १.२ कोटी वर्षांत निर्माण झाल्या. बाह्यरूप फार बदललं नाही म्हणजे आत काही घडलं नाही असं नव्हे.

खरं आश्चर्य मेटासेक्वोया या सूचिपर्णी झाडाचं. जपानच्या शिगेरु मिकी यांनी १९४१ मध्ये त्याला जीवाश्मावरून नाव दिलं, झाड नामशेष समजून. त्याच दशकात चीनच्या एका दरीत ते जिवंत सापडलं.

१६. फुलांची झाडं अचानक आली म्हणतात. डीएनए वेगळं सांगतो ना?

हा वाद खरा आहे. फुलांच्या वनस्पतींचे सर्वमान्य परागकण सुमारे १३.५ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात आणि पुढच्या काही कोटी वर्षांत त्या जगभर पसरतात. डीएनएमधल्या फरकांवरून काढलेला हिशोब मात्र त्यांचा उगम कितीतरी आधीचा सांगतो. शक्यता दोन: एकतर सुरुवातीच्या झाडांची संख्या इतकी थोडी होती की ठसे उरले नाहीत, नाहीतर डीएनएचं घड्याळ त्या काळात जलद चालत होतं. माझा कल पहिल्या बाजूला थोडा जास्त आहे, पण पैज लावणार नाही.

मग जीवाश्म हवेतच कशाला, असं कुणी विचारतं. डीएनए इतका जुना टिकत नाही, तो फक्त आजच्या वनस्पतींचा मिळतो. ग्लोसोप्टेरिस किंवा राजमहाल टेकड्यांतली, साहनींनी १९४८ मध्ये वर्णिलेली पेंटोझायलॉन, यांचा वंशच उरलेला नाही. त्यांना फक्त दगड ओळखतो. शिवाय डीएनएचं घड्याळ लावायला वयाची खूणगाठ लागते, ती जीवाश्मच देतो.

१७. मोठ्या अभ्यासकांची मतं नंतर बदलतात का?

बदलतात. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या कायटोनिया या जीवाश्म वनस्पतीला हॅमशॉ थॉमस यांनी १९२५ मध्ये फुलांच्या वनस्पतींच्या जवळ नेलं, कारण तिच्या बिया फळासारख्या आवरणात होत्या. पुढे टॉम हॅरिस यांना परागकण थेट बीजांडाच्या तोंडाशी मिळाले. फुलांच्या वनस्पतींत ते कुक्षीवर पडतात. एवढ्या एका बारकाव्याने कायटोनिया दुसऱ्या गटात गेली.

१८. मराठी माध्यमातून एसएसएलसी केलंय. हे शिकता येईल?

नक्की येईल. पीयूसी विज्ञान, मग बीएस्सीला वनस्पतिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र, शक्यतो दोन्ही. इंग्रजी शब्दांची भीती पहिल्या वर्षभरात जाते, कारण निम्मे शब्द लॅटिन आणि ग्रीक, ते सगळ्यांनाच नवे. कन्नड लिहिता-वाचता येत असेल तर क्षेत्रकामात मोठा फायदा, खाणीवरचा माणूस मोकळेपणाने बोलतो. पुढे लखनौची बिरबल साहनी संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था इथे या विषयावर काम चालतं. चित्र काढायची सवय ठेवा. हाताने काढताना दिसतं ते फोटोत निसटतं.

१९. आजोबांनी आणलेला दगड झालेला ओंडका घरात आहे. कुठून आणला ते कुणालाच ठाऊक नाही. त्याचा उपयोग?

ठिकाण आणि थर हरवला की जीवाश्माची बरीचशी साक्ष हरवते, म्हणूनच प्रश्न १४ मध्ये नोंदीवर एवढा भर दिला. पण पूर्ण वाया गेलं असं नाही. ओंडक्याची चकती काढून लाकडाची रचना पाहता येते आणि निदान झाडाचा गट ठरवता येतो. आणखी एक वाट आहे: भेगांमध्ये किंवा खाचांत मूळची माती चिकटलेली असेल तर तिच्यातले परागकण वेगळे करून थराचं वय काढता येतं. ते काम प्रयोगशाळेतच होतं, त्यात वापरलं जाणारं आम्ल अत्यंत घातक असतं. म्हणून तेवढंच करा की दिवाळीच्या साफसफाईत तो ओंडका धुऊ नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजोबा नोकरीनिमित्त, यात्रेनिमित्त कुठे कुठे गेले होते ते विचारा. जबलपूर, नागपूर, जैसलमेर किंवा पाँडिचेरीच्या बाजूचं तिरुवक्कराई, यातलं एखादं नाव निघालं तर ते कागदावर लिहून दगडाबरोबर ठेवा.